एवढ्या मेणबत्त्या झाल्या की निघते

"पुसलेलीच ताटं पुसतेय मी. तिसऱ्यांदा."

हे मला उद्देशून नव्हतं, ताटाला उद्देशून होतं. पण त्या वेळी मी स्वयंपाकघरालगतच्या कोठीत, पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवलेलं चॉकलेट खात उभी होते, आणि आमच्या कोठीचं दार म्हणजे नुसत्या लाकडी पट्ट्या. माझ्यात आणि माझ्या नणंदेत जेमतेम हातभर अंतर होतं.

"माझा उपयोग काय या घरात," ती पुढच्या ताटाला म्हणाली. "आठवडाभरात जाते झालं."

चॉकलेट मी न चावता गिळलं.

एव्हिस ही माझ्या नवऱ्याची, रसेलची, थोरली बहीण. बॅलरॅटला तिची आणि तिच्या नवऱ्याची, कॉलिनची, बेकरी होती. खाली दुकान, वर घर. तो भाजायचा, ती सजवायची, असं चाळीस वर्षं चाललं. मार्चमध्ये कॉलिन भट्टीसमोरच कोसळला. अंत्यविधी उरकल्यावर रसेलची गाडी पुढे आणि एव्हिसची मागे, अशा दोघांनी तीन तासांचा रस्ता कापला आणि ती आमच्या दारात उतरली. उतरली तीच अटी घालत. "दोन आठवडे. आणि मला राहा राहा म्हणून कुणी आग्रह करायचा नाही. दयेचं खायची सवय नाही मला."

रसेल आज्ञाधारक धाकटा भाऊ. त्यानं आग्रह केला नाही. मी त्याहून भित्री, मीही केला नाही. एप्रिलमध्ये ती टपाल आणायला म्हणून दोन दिवसांसाठी घरी गेली. तिसऱ्या दिवशी फोन उचलेना, म्हणून आम्ही दोघं धावलो. ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. अंगात कोट, मांडीवर पर्स. किटली कोरडी, पलंग न विस्कटलेला. कोट केव्हापासून अंगात होता ते आम्ही विचारलं नाही. रसेल म्हणाला, "तुझ्या गाडीतलं तेल बघायला हवं, आमच्याकडेच घेऊन येतो," आणि अशा रीतीनं तेल बघण्यासाठी ती परत आली.

आता जुलै होता, आमच्याकडचा ऐन हिवाळा. राहा असं आम्ही म्हणत नव्हतो, राहते असं ती म्हणत नव्हती, आणि कॉलिनचं नाव तर कुणीच घेत नव्हतं. आमच्या घरात केक होणं बंद झालं होतं. मी बिस्किटंसुद्धा कोठीत लपून खायला लागले होते, याचं कारण लाज नव्हे, संवेदनशीलता. निदान मी तरी असं समजत होते.

तर ती पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसू नये, यासाठी तिला उपयोग हवा होता. उपयोग शोधायला मी चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गेले. आमच्या गावात ज्याला काही सुचत नाही तो तिथंच जातो. तिथं एक पन्नास वर्षांपूर्वीचं पातळसं पुस्तक मिळालं. मुखपृष्ठावर लांब केसांची बाई, आणि तिच्या हातात मेणबत्ती. मेणबत्ती कसली, रिबिनींचा धबधबा होता तो. प्रत्येक रिबिनीत सात रंगांचे पट्टे, पिळलेले, वळवलेले, पाकळ्यांसारखे उमललेले.

कृती अशी: चांदणीच्या आकाराचा मेणाचा गाभा घ्यायचा. तो वातीला धरून वितळलेल्या रंगीत मेणात बुडवायचा, लगेच पाण्यात, मग दुसऱ्या रंगात, परत पाण्यात, असं तीसेक वेळा. रंगांचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे चढतात. मग ती मेणबत्ती आकड्याला टांगायची आणि मेण कोमट आहे तोवर सुरीनं वरून खाली काप काढून ते वळवायचे. यासाठी मिळतात बारा मिनिटं. तेराव्या मिनिटाला मेण कडक होतं आणि काप हातात येतो.

मी घरी येऊन जाहीर केलं की माझी हे शिकण्याची लहानपणापासूनची इच्छा आहे. रसेलनं वर्तमानपत्र खाली केलं, माझ्याकडे पाहिलं, परत वर केलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि मी त्याच्यासमोर सुईत दोरासुद्धा नीट ओवलेला नव्हता.

"पण एकटीला नाही जमायचं," मी एव्हिसला म्हणाले. "एकीनं बुडवायचं, एकीनं कोरायचं."

एव्हिसनं पुस्तक चाळलं. लांब केसांच्या बाईकडे नापसंतीनं पाहिलं. मग म्हणाली, पहिल्या सहा होईपर्यंत थांबते.

मेण वितळवायला मोठी पातेली हवीत. ती आमच्याकडे एकाच माणसाची होती. रसेल गेली वीस वर्षं मागच्या शेडमध्ये घरची बिअर बनवतो आणि त्या पातेल्यांना तो माझ्यापेक्षा हळुवार हातानं घासतो. मी मागायला गेले, तर त्यानं सहाच्या सहा पातेली उचलून दिली, आणि शेडमधली अर्धी जागाही. त्या हिवाळ्यातल्या पुढच्या बिअरला लाल मेणाचा वास होता आणि घोट घेतला की ओठांवर पातळ साय यायची. रसेलनं पेलाभर प्यायली, ओठ पुसले आणि म्हणाला, बरी आहे. माझा नवरा हा प्रेमाचे शब्द उच्चारणारा माणूस नाही, पण तो पेला मी लक्षात ठेवला आहे.

पहिली मेणबत्ती मी कोरली. तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही. पुस्तकात हंस होता, माझ्या हातून जे झालं ते पोट बिघडलेल्या शहामृगासारखं दिसत होतं, आणि मान तेराव्या मिनिटाला तुटली. एव्हिस शेजारी उभी राहून बघत होती. दुसरी बुडवून झाली तेव्हा तिनं माझ्या हातातून सुरी काढून घेतली. "दे इकडे. काप वरून सुरू करून खाली सोडून द्यायचा असतो. भीत भीत नाही."

आणि तिनं जे केलं ते वर्णायला शब्द अपुरे पडतील म्हणून थोडक्यात सांगते. चाळीस वर्षं लग्नाच्या केकांवर गुलाब उमटवलेला हात होता तो, मार्चपासून नुसता ताटं पुसत होता. दहा मिनिटांत मेणबत्तीला चाळीस पाकळ्या आल्या. दोन मिनिटं उरली म्हणून तिनं बुडाशी एक झालर काढली. मग सुरी ठेवली, हात धुतले, आणि बराच वेळ पाठमोरी उभी राहून नळाचं पाणी बघत राहिली. मी तोवर मेणाचं कढत पाणी मोरीत ओतत होते.

मेणाचं पाणी मोरीत ओतू नये. हे पुस्तकात पान चारवर ठळक अक्षरांत दिलेलं आहे. मी पान तीनपासून सरळ पान पाचवर गेले होते. मेण नळीत खाली जाऊन गार झालं, आणि मग त्या नळीत आमच्या घराची एक भलीमोठी मेणबत्ती तयार झाली, फक्त वात नव्हती. प्लंबर आला. तो जमिनीवर उताणा पडून नळी खोलत असताना शेजारचा मर्व्ह कुंपणावरून बघत होता.

मर्व्हची ओळख करून द्यायला हवी. निवृत्त माणूस, बायको दिवसभर बोलिंग क्लबात हिरवळीवर चेंडू घरंगळवत, आणि तो गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा कप्तान. दहा महिने आग लागत नाही, म्हणून त्या काळात तो सल्ले देतो. मेणबत्त्यांचा उद्योग आहे हे कळल्यावर तो दुसऱ्या दिवशी आग विझवायचं नळकांडं, वाळूची बादली आणि स्वतःची घडीची खुर्ची घेऊन आला. शेडच्या दारात खुर्ची मांडून म्हणाला, नियमाप्रमाणे कुणीतरी देखरेखीला असावं. नियम कुठला, ते त्यानं सांगितलं नाही. त्या दिवसापासून डिसेंबरपर्यंत तो रोज साडेदहाच्या चहाला देखरेख करायचा आणि अकराला पावाबरोबर काय आहे ते विचारायचा.

पहिल्या सहा झाल्या. एव्हिस म्हणाली, आता निघते. मी म्हणाले की शनिवारच्या बाजारात मांडून तर बघू. ती म्हणाली, ठीक आहे, तेवढं झालं की निघते. बाजारात तिच्या पाच गेल्या, माझी एक गेली. माझी मर्व्हनं घेतली, दार उघडं ठेवायला टेकण म्हणून. पण पाच बायकांनी आणखी मागितल्या होत्या. मी त्यांना फार घाईनं हो म्हटलं.

तर असा तो छंद, धंदा झाला. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. दर खेपेला एव्हिस म्हणायची, एवढ्या झाल्या की निघते, आणि दर खेपेला मी कुठून तरी नवी मागणी आणायची. मागणी कमी पडली की मी स्वतःच फोन करून मैत्रिणींना आपापल्या सुनांच्या वाढदिवसांची आठवण करून द्यायचे. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरात एव्हिसची मेणबत्ती होती आणि एकाही घरात ती पेटवलेली नव्हती. जाळवत नाही म्हणायचे लोक. त्यामुळे धंदा म्हणून तो वाईटच होता. संपतच नाही असा माल विकणारा दुकानदार मी तरी पाहिलेला नाही.

ऑक्टोबरात आम्ही टांगायला जागा पुरेना म्हणून अंगणातल्या कपडे वाळवायच्या फिरत्या दांड्याचा उपयोग सुरू केला. छत्रीच्या काड्यांसारखा तो पसरलेला, प्रत्येक तारेला चार आकडे. मी दांडा फिरवायची, पुढची मेणबत्ती एव्हिससमोर यायची. कारखानाच तो. मला तर त्याचा फार अभिमान वाटला, आणि माझ्या अभिमानाचं आयुष्य साधारण अर्धा तास असतं. आम्ही चहाला आत गेलो. बाहेर वारा सुटला, दांडा आपला आपण गरगर फिरू लागला, आणि नदीकडचे पांढरे काकाकुवे, सत्तर एक तरी असतील, त्या फिरत्या मेजवानीवर उतरले. पोटाला खाण्यासाठी नव्हे. त्यांना नुसती चोच चालवायला काहीतरी हवं असतं. आम्ही झाडू घेऊन धावलो तोवर प्रत्येक पाकळीचा भुगा झाला होता आणि तीन पक्षी दांड्यावर बसून गोल गोल फिरण्याची मजा घेत होते. मर्व्हची देखरेख चालू होतीच. तो म्हणाला, आग असती तर त्यानं काहीतरी केलं असतं.

मी एव्हिसकडे पाहिलं. आता ही म्हणणार, पुरे झालं, जाते. आणि ती हसायला लागली. मार्चनंतर पहिल्यांदा. झाडू टेकून, डोळे पुसत, दम लागेस्तोवर. रसेल आवाज ऐकून शेडमधून बाहेर आला, दारात थांबला आणि तसाच परत आत गेला. मी नंतर गेले तेव्हा तो एक स्वच्छ पातेलं घासत उभा होता.

तेव्हाच विचारायला हवं होतं, राहतेस का म्हणून. मी विचारलं, आणखी चहा घेतेस का.

मग परवाना आला. म्हणजे आला नाही, तोच तर प्रश्न.

बाजारातल्या कुणीतरी सांगितलं की घरून धंदा करायचा तर नगरपालिकेत नोंद करावी लागते. न सांगितलं असतं तर कुणाला कळलंही नसतं, पण हात दाखवून अवलक्षण करणं हा माझा स्वभाव. मी अर्ज आणला. त्यात मेण किती, ज्वलनशील काय, माशा येतात का, असे प्रश्न होते. ते मी भरले. चौदावा रकाना असा होता: कामात मदत करणारी दुसरी व्यक्ती याच पत्त्यावर राहते काय?

तुम्ही म्हणाल, यात काय अवघड आहे. हो लिहायचं किंवा नाही लिहायचं. पण हो लिहिलं आणि एव्हिसनं पाहिलं, तर तिला न विचारता तिचा मुक्काम आम्ही ठरवून टाकला असं झालं असतं, आणि ती त्याच संध्याकाळी बॅग भरती. नाही लिहिलं आणि तिनं पाहिलं, तर तिला घालवायला बसलोय असं वाटून ती त्याच संध्याकाळी बॅग भरती. मी रकाना रिकामा ठेवून अर्ज दिला.

खिडकीवर जॅसिंटा नावाची मुलगी होती. स्वभावानं गोड, पण रिकामा रकाना तिला बघवत नाही. तिनं अर्ज परत पाठवला. मी चौदाव्या रकान्यात 'बहुधा' असं लिहून पुन्हा दिला. तो परत आला. मी लिहिलं, 'हवामानावर अवलंबून.' या खेपेला जॅसिंटानं मला खिडकीवरच गाठलं. "काकू, ती बाई रात्री झोपते कुठं?"

"आमच्याकडे."

"मग राहते."

"तसं नाही म्हणता येणार."

"टपाल कुठं येतं तिचं?"

"तिच्या घरी. पण ते आणायला जाऊ देत नाही आम्ही तिला."

जॅसिंटानं पेन खाली ठेवलं. माझ्या मागे कुत्र्याच्या नोंदणीच्या बिल्ल्यासाठी सहा माणसं उभी होती आणि सगळी कान देऊन ऐकत होती. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की त्यांच्या मेहुण्याचंही असंच झालं होतं, तो अकरा वर्षं राहिला. मी पर्स उचलून बाहेर पडले. जॅसिंटानं मग तिच्या बुद्धीनं तो रकाना भरला.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परवाना टपालानं आला, आणि टपाल त्या दिवशी एव्हिसनं उघडलं. परवान्यासोबत एक अट होती. धंद्यात मदत करणारी व्यक्ती 'पाहुणी' असल्यामुळे तिच्या गाडीसाठी आवारात स्वतंत्र जागा आखून ठेवावी, लांबी इतकी, रुंदी इतकी, पांढऱ्या रंगात.

एव्हिसनं कागद जेवायच्या टेबलावर ठेवला. मोजपट्टी घेतली, शेडमधला रंगाचा डबा घेतला, आणि जेवणाची वेळ होईपर्यंत आमच्या आवारात स्वतःच्या गाडीभोवती चार सरळ रेघा मारल्या. केकावर मारतात तशा, एक थेंब इकडे तिकडे नाही. रसेल आणि मी खिडकीत उभे राहून बघत होतो. "जा, बोल काहीतरी," मी त्याला म्हणाले. तो म्हणाला, "तू जा." मग आम्ही दोघांनी मिळून बटाटे सोलले.

त्यानंतर तिनं ताटं पुन्हा तीन तीनदा पुसायला सुरुवात केली.

मी घाबरले. मोठी मागणी हवी होती, नुसती मोठी नाही, गावाची हवी होती. आमच्याकडे ख्रिसमसच्या आधीच्या शनिवारी मैदानात सगळं गाव मेणबत्त्या हातात घेऊन गाणी म्हणायला जमतं. मी त्या समितीत माझी सगळी पत घालवली. पत कमी आणि तोंडच जास्त खर्च केलं, असं रसेल म्हणतो. अखेर ठरलं की मंचासमोर एव्हिसच्या कोरीव मेणबत्त्यांची रांग लावायची. चोवीस, प्रत्येक हातभर उंच.

एव्हिस म्हणाली, "एवढ्या चोवीस करते. आणि मग खरंच निघते, ग्लेनिस. ख्रिसमसला पाहुणे आपापल्या घरी असावेत."

पाहुणे हा शब्द तिनं असा ठेवला, जसा एखादी ताटाशेजारी काटा ठेवते.

चोवीस मेणबत्त्या तिनं पाच आठवड्यांत केल्या. तशा पुन्हा होणार नाहीत. पांढऱ्यावर पिवळ्या वॉटलच्या, म्हणजे आमच्याकडच्या बाभळीच्या, फुलांच्या, निळ्या, एक तर बेकरीतल्या वेणीच्या पावासारखी विणलेली. ती विणताना तिनं आम्हाला शेडबाहेर काढलं होतं. डिसेंबरात उष्मा इतका चढला की मेण बाराच्या जागी पंचवीस मिनिटं मऊ राहायचं. एव्हिसला ते आवडलं. मलाही आवडलं. ज्या हवेत मेण गार होत नाही त्या हवेत मेणबत्त्यांचं पुढे काय होईल, हा विचार आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. रसेलचा आणि माझा तर जन्म या गावात गेलाय. इथं उन्हाळ्यात लोक गाडीचं स्टिअरिंग फडक्यानं धरून चालवतात, आणि तरीही दर डिसेंबरात आम्ही भट्टी पेटवून अख्खी टर्की भाजतो. हा आमचा गावगुण आहे.

शनिवारी वाळवंटावरून येणारा उत्तरेचा गरम वारा सुटला. पारा त्रेचाळीसवर. सकाळी मर्व्ह फाटकाबाहेर उभा राहिला, आत येईना. गणवेशात होता. चहाची वेळ असून चहा नको म्हणाला. शेवटी टोपी काढून सांगितलं, की वणव्याच्या भीतीनं आज संपूर्ण अग्निबंदी आहे, काडीसुद्धा पेटवता येणार नाही, आणि हे सांगायचं काम त्याचंच आहे.

"पेटवणार कोण होतं," एव्हिस म्हणाली. "गावात माझी एक तरी पेटवलीय का कुणी."

तर नुसत्या शोभेला ठेवायच्या असं ठरलं. दुपारी तीनला चोवीसच्या चोवीस रसेलच्या गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात उभ्या केल्या, मध्ये टॉवेल, वर ताडपत्री. मैदानापाशी रसेलनं गाडी निलगिरीच्या झाडाच्या गर्द सावलीत लावली आणि आम्ही तिघं समितीला विचारायला आत गेलो, रांग कुठून कुठवर. आत वाद चालू होता. न पेटवलेली मेणबत्ती ही अग्नी आहे की वस्तू, यावर दोन मतं होती. मर्व्ह म्हणत होता वस्तू. खजिनदार म्हणत होते, मेणबत्ती दिसली की माणसाला काडी आठवते. यावर मी भाषण केलं. चांगलं झालं असं मला तेव्हा वाटलं. पन्नास मिनिटांनी एकमतानं ठरलं की मेणबत्ती ही वस्तू आहे.

बाहेर आलो तर सावली शेजारच्या गाडीवर होती.

रसेलनं ताडपत्री उचलली. चोवीस मेणबत्त्या एकमेकींच्या खांद्यांवर माना टाकून बसल्या होत्या. वॉटलची फुलं निळ्यात उतरली होती, निळं वेणीत, आणि खाली हौद्याच्या पन्हाळीतून तपकिरी रंगाची एक संथ धार रस्त्यावर गळत होती. आम्ही बघत असताना शेवटची, पाव-वेणीची, हळूच वाकली आणि आडवी झाली. रसेलनं तिला सावरायला हात पुढे केला. ती त्याच्या तळव्यात तशीच ओघळली. तो हात पुढे धरून उभाच राहिला, जणू कुणीतरी परत न्यायला येईल.

"चला," एव्हिस म्हणाली. "ऊन लागतंय."

संध्याकाळी गाव प्लास्टिकचे दिवे घेऊन गायलं. आम्ही गेलो नाही. आम्ही थंड हॅम आणि बटाट्याचं सॅलड खाल्लं. एव्हिस म्हणाली की तिचं काम संपलंय, उद्या सकाळी ऊन चढायच्या आत निघेल. मी तोंड उघडलं. मला ते कोटातलं, मांडीवर पर्स घेतलेलं बसणं दिसत होतं. रसेलही माझ्याकडे बघत होता, म्हण म्हणून. मी म्हणाले, "आणखी हॅम वाढू का?" ती नको म्हणाली. रसेल म्हणाला, "टायरमधली हवा बघतो," आणि उठून गेला.

सकाळी साडेसहाला तिची बॅग गाडीत होती. मर्व्ह आला होता, रात्रीच्या कपड्यांवर टोपी घालून. बोलण्यासारखं काहीच नसल्यामुळे सगळे फार बोलत होते. मर्व्हनं तिला कांगारू कुठल्या वळणावर आडवे येतात ते सांगितलं, मग परत सांगितलं. मी विचारलं, पाणी घेतलंस का, सँडविच घेतलीस का. "तूच दिलीस ना आत्ता," ती म्हणाली. रसेल चारही टायर बघून झाल्यावर पाचवा, डिकीतला, बघून आला. मग काही उरलं नाही. ती आत बसली, काच खाली केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. आम्ही मागे सरलो. मी हात हलवायला वर केला.

गाडी सुरू होईना.

"बॅटरी," रसेल म्हणाला. इतक्या उत्साहानं बोललेला मी त्याला कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

मर्व्ह म्हणाला बॅटरी नाही, स्टार्टर. बॉनेट वर झालं, दोन्ही डोकी आत गेली. महिनोन् महिने गाडी उभी राहिली की असंच होतं, यावर एकमत झालं. कशामुळे होतं, यावर झालं नाही. रसेलनं तारांची टोकं घासली. मर्व्ह घरी जाऊन जोडायच्या केबली घेऊन आला आणि त्यांनी त्याच्या मेहुण्याला कसं भाजलं होतं ते सांगितलं. "आता फिरव किल्ली," रसेल आतून म्हणाला. काही नाही. "परत फिरव." काही नाही. मर्व्ह म्हणाला, आवाजसुद्धा येत नाहीये, म्हणजे फारच आतलं काहीतरी आहे. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. सूर्य शेडच्या छपरावर आला. एव्हिसला ऊन लागत असेल म्हणून मी खिडकीशी गेले, की निदान तोवर आत येऊन बस.

किल्ली तिच्या मांडीवर होती. मुठीत, रुमालात गुंडाळलेली. ती लावलीच नव्हती.

मी किल्लीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती. समोर दिसण्यासारखं काही नव्हतं, उघडलेल्या बॉनेटचा पत्रा होता आणि त्यापलीकडे दोन माणसं स्टार्टरबद्दल भांडत होती.

"बॅटरी ठीक आहे," ती म्हणाली.

पलीकडचं भांडण थांबलं.

"मला जायचं नाही, ग्लेनिस. तिथं कॉलिन नाही."